दोन इंच उचललेल्या जिम्नीला टायर कोणता, आणि स्पेसर लागतो का?

नमस्कार. तुमचा प्रश्न मला समजला तो असा. पाच दारांची जिम्नी, मॅन्युअल गिअरची. स्प्रिंगा आणि शॉकअप बदलून गाडी २ इंच उचलून घेतली आहे. पाटणच्या वर डोंगरात शेत आहे आणि तिथला शेवटचा कच्चा चढ पावसाळ्यात त्रास देतो. सवड मिळाली की मित्रांबरोबर ऑफरोडिंग, आणि कामासाठी कराडवरून पुण्याला नेहमीचं जाणं-येणं. दुकानदाराने सांगितलं की २३५/७५ आर १५ चे मड टायर (चिखलासाठीचे, मोठ्या ठोकळ्यांचे) टाका आणि ते घासू नयेत म्हणून चारही चाकांना ३० मिलिमीटरचे स्पेसर (चाकामागे बसून चाक बाहेर सरकवणाऱ्या धातूच्या जाड चकत्या) लावा. स्पेसरचा संच तुम्ही आणूनही ठेवला आहे. आता विचारता, ३० चे लावू की २५ चे बदलून घेऊ?

मी कोल्हापुरात जिप्सी, थार, जिम्नी अशाच गाड्यांचं काम करतो, त्यामुळे टायर आणि स्पेसर एकाच दमात सुचवलेले मी बरेचदा ऐकतो. मिलिमीटरचा आकडा ठरवण्याआधी टायर कुठे घासणार आहे हे कळायला हवं. आतल्या बाजूला, म्हणजे पुढच्या अ‍ॅक्सलच्या आर्मला (तो चासीशी धरणाऱ्या दांड्याला) घासत असेल, तर स्पेसरचा उपयोग होतो. बंपरच्या कोपऱ्याला किंवा मडगार्डच्या कडेला घासत असेल, तर स्पेसर लावल्यावर घासणं वाढतं. तुमच्या वर्णनात टायर चढवून कुणी काही मोजल्याचा उल्लेख नाही. म्हणजे अजून न दिसलेल्या अडचणीवर उपाय विकत घेऊन झाला आहे.

पहिल्यांदा लिफ्टबद्दल बोलू, कारण घोळ तिथून सुरू होतो. गाडी उचलली म्हणजे मोठ्या टायरला जागा झाली, असं बहुतेकांना वाटतं. गाडी सपाट जागी उभी असते तेव्हा ते खरंही दिसतं. टायर आणि मडगार्डच्या मधे आरामात हात जातो. पण एक चाक दगडावर चढलं आणि दुसरं खड्ड्यात गेलं की चढलेल्या बाजूची स्प्रिंग पूर्ण दबते आणि अ‍ॅक्सल वर जाऊन बंप स्टॉपला, म्हणजे त्याला आणखी वर जाऊ न देणाऱ्या ठोकळ्याला, टेकतो. बंप स्टॉप कंपनीने दिलेल्याच जागी असेल, तर अ‍ॅक्सल आधी जितका वर जायचा तितकाच आताही जाणार. स्प्रिंग २ इंच लांब आहे याचा त्या क्षणी काही संबंध राहत नाही. मोठा टायर घासतो तो नेमका या स्थितीत, आणि त्यातही स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवलेलं असताना. म्हणून किती उंचीचा टायर चालेल याची मर्यादा बंप स्टॉप घालून देतो. तुमच्या किटबरोबर बंप स्टॉप खाली आणणारे तुकडे आले होते का, आणि आले असतील तर बसवले आहेत का, हे आधी गाडीखाली वाकून बघा. बऱ्याच ठिकाणी ते खोक्यातच राहतात.

याचा अर्थ लिफ्ट वाया गेली असा नाही. तीन दारांच्या जिम्नीचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, २२५० मिलिमीटर, तुमच्या पाच दारांच्या गाडीचा २५९०. मधलं अंतर वाढलं की पोट टेकायला लागतं. त्यामुळेच पुढे ३६ अंश आणि मागे ५० अंश असे दोन्ही कोन उत्तम असूनही मधला, पोटाखालचा कोन २४ अंशांवर आला आहे. तीन दारांच्या गाडीत तो २८ आहे. बांध ओलांडताना किंवा उंचवट्यावरून जाताना तुमची गाडी पोटावर अडकते ती याच कारणाने, आणि २ इंच लिफ्ट तिथे खरोखर मदत करते. लिफ्ट फक्त एक गोष्ट करत नाही: अ‍ॅक्सलमधल्या डिफरन्शियलच्या (डाव्या-उजव्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरच्या) गोळ्याखालची जागा वाढवत नाही. जिम्नीला पुढे-मागे सलग अ‍ॅक्सल आहेत, ते चाकांबरोबरच राहतात. स्प्रिंग कितीही लांब घातली तरी गोळा जमिनीपासून तितकाच वर. तो उचलायचा तर टायरच मोठा हवा.

मग टायर किती मोठा? हिशोब सोपा आहे, स्वतः करून बघा. कंपनीचा टायर १९५/८० आर १५. रुंदी १९५, तिच्या ८० टक्के म्हणजे १५६ मिलिमीटर बाजूची भिंत, ती वर आणि खाली मिळून ३१२. त्यात १५ इंची डिस्कचे, म्हणजे टायर ज्यावर चढतो त्या रिमचे, ३८१ मिळवले की एकूण उंची ६९३ मिलिमीटर. याच रीतीने २१५/७५ आर १५ ची उंची निघते सुमारे ७०३ आणि २३५/७५ आर १५ ची सुमारे ७३३. गोळ्याखाली मिळतो उंचीतल्या फरकाचा अर्धा भाग. म्हणजे २१५ च्या टायरने ५ मिलिमीटर, २३५ च्या टायरने २०.

वीस मिलिमीटर कमी नाहीत. दगडी नाळेतून जाताना बोटभर जागासुद्धा निर्णायक ठरते, हे मला मान्य आहे. पण त्या २० साठी गाडी काय देते तेही बघा. टायरचा घेर ५.८ टक्क्यांनी वाढला. गाडीचं सगळं गिअरिंग तेवढ्याने लांब झालं. तुमच्या इंजिनाचा टॉर्क १३४ न्यूटन-मीटर; चाकाच्या हिशोबाने तो जणू १२७ च्या आसपास आला, आणि तोही हाताला जाणवण्याइतक्या जड झालेल्या चाकांना फिरवायचा. फोर-लो (चारही चाकांना कमी वेगात जास्त ताकद देणारा गिअर) लावून पहिल्या गिअरमध्ये गाडी जितकी हळू रांगायची तितकी आता रांगणार नाही. उतारावर इंजिनचा ब्रेक तेवढा कमी धरतो. ब्रेकलाही जास्त जोर लावावा लागतो, आणि जिम्नीला मागे ड्रमच आहेत. स्पीडोमीटर १०० दाखवेल तेव्हा गाडी आधीपेक्षा सुमारे सहाने जास्त वेगात असेल. मोठ्या इंजिनाच्या डिझेल थारमध्ये हा फरक अंगावर येत नाही. दीड लिटरच्या पेट्रोल जिम्नीत तो खंबाटकी घाटात तिसऱ्याच दिवशी कळतो. डिफरन्शियलचे गिअर बदलून तो भरून काढता येतो, पण तो खर्च आणि ते काम वेगळ्या पातळीचं आहे.

दुसरी अडचण डिस्कची. तुमच्या मूळ डिस्क १५ इंच व्यासाच्या आणि ५.५ इंच रुंदीच्या आहेत. २१५/७५ आर १५ हा टायर ५.५ इंची डिस्कवर बसवायला मान्य आहे. २३५/७५ आर १५ साठी मात्र किमान ६ इंच रुंदी लागते. लोक ५.५ वरही चढवतात, टायरवाला नाही म्हणत नाही. पण अरुंद डिस्कवर रुंद टायर घातला की त्याची पाठ फुगते, मधलं रबर लवकर झिजतं आणि वळणावर बाजूची भिंत लुळी पडते. पुण्याच्या रस्त्याला तुमच्या वेगात हे चालणार नाही. म्हणजे २३५ घ्यायचा तर डिस्कही बदलायच्या. आणि डिस्क बदलायच्याच असतील तर स्पेसरचा विषय तिथेच संपतो, कारण हवा तो ऑफसेट, म्हणजे चाक किती आत-बाहेर बसतं ते माप, डिस्कमध्येच मागून घेता येतो. हा मुद्दा दुकानदाराने सांगायला हवा होता.

आता तुमच्या मातीबद्दल. पाटणच्या वरच्या अंगाला सड्यावर जांभा, उतारावर लाल माती आणि तिच्याखाली काळा दगड. पावसात वरची चार-सहा बोटं राबडी होते, पण खाली टणक तळ असतो. अशा चढावर अरुंद टायर राबडी कापून तळाला लागतो आणि पकड धरतो. रुंद टायर वरच तरंगतो आणि बाजूला सरकतो. कृष्णाकाठच्या काळ्या मातीत गोष्ट उलटी असते. तिथे तळच सापडत नाही, आणि टायर कुठलाही असो, दोन फेऱ्यांत नक्षीत माती भरून तो गुळगुळीत होतो. तिथे मड टायरच्या रुंद खाचा माती फेकून द्यायला कामाला येतात. समुद्राच्या वाळूत तर नक्षीपेक्षा हवेचा दाब महत्त्वाचा. हे सगळं परिस्थितीवर अवलंबून आहे, त्यामुळे जो कुणी जागा न विचारता टायर सुचवतो त्याचा सल्ला जपून घ्यावा. तुम्ही सांगितलेल्या चढासाठी आणि कोयनेच्या पावसात भिजलेल्या डांबरासाठी मी मड टायर सुचवणार नाही. त्याचे मोठे ठोकळे ओल्या गुळगुळीत रस्त्यावर कमी धरतात. घाटातल्या ओल्या वळणावर ब्रेक लावताना ऑल-टेरेन (डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हींसाठीच्या) टायरच्या बारीक चिरा तुमचा जीव सांभाळतात, आणि तुमचा बहुतेक प्रवास तसल्याच रस्त्यावरचा आहे.

आणि रुंदी हवीच असेल तर ती हवेतून घ्या. कच्च्या चढाच्या पायथ्याशी थांबून चारही टायरची हवा दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरपेक्षा कमी करून १८ पीएसआयच्या आसपास आणली, की टायर जमिनीवर लांबट पसरतो. तो दगडाला कवटाळतो, उसळत नाही, आणि पकड किती वाढते ते पहिल्याच प्रयत्नात दिसतं. २० मिलिमीटर जास्त रुंद टायर कडक हवेने चालवण्यापेक्षा याचा परिणाम मोठा. जांभ्याच्या आणि फुटक्या काळ्या दगडाच्या धारदार कडांवर मात्र जपून, कारण हवा कमी असली की बाजूची भिंत बाहेर फुगते आणि तिथेच चिरते. वेग अगदी कमी ठेवायचा, आणि डांबरावर येताच हवा भरायची. यासाठी १२ व्होल्टचा चांगला पंप आणि भरवशाचा गेज घ्या. स्पेसरच्या पैशात दोन्ही येतं.

आता स्पेसर. त्याच्यावर माझा सरसकट राग नाही. जिप्सीपासून ते वापरले जातात आणि योग्य जागी, योग्य बसवलेले टिकतात. पण तो गाडीत काय बदलतो ते समजून घेऊन लावावा.

तुमच्या मूळ डिस्कचा ऑफसेट अधिक ५ आहे. म्हणजे डिस्क हबला (चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागाला) ज्या पृष्ठभागावर टेकते तो डिस्कच्या मधल्या रेषेपासून ५ मिलिमीटर बाहेर आहे. ३० चा स्पेसर लावला की हा ऑफसेट उणे २५ झाला. अख्खं चाक ३० ने बाहेर गेलं, आत ३० ची मोकळीक आली. दोन्ही बाजू धरून गाडी ६० मिलिमीटर रुंद झाली. उचललेल्या गाडीला तिरप्या उतारावर ही रुंदी आधार देते. उंची वाढवली तर थोडी रुंदीही वाढवावी हा विचार बरोबर आहे, आणि स्पेसरच्या बाजूने बोलणारं सर्वांत खरं कारण माझ्या मते हेच.

आता दुसरी बाजू. पुढचं चाक वळतं ते किंगपिनच्या, म्हणजे त्याच्या बिजागरीसारख्या खिळीच्या, रेषेभोवती. चाक त्या रेषेपासून जितकं बाहेर, तितकं ते वळताना मोठ्या कमानीत फिरतं. आधी जागेवर फिरणारा टायर आता पुढे येऊन बंपरच्या कोपऱ्याला आणि मागे जाऊन मडगार्डच्या आतल्या अस्तराला भिडतो. आतली जागा सुटली, बाहेरची गेली. शिवाय एका चाकाखाली दगड आला, किंवा एकच चाक पाण्यात गेलं, की तो धक्का लांब तरफेने स्टिअरिंगवर येतो. हातातून चाक हिसकावल्यासारखं होतं. हबच्या बेअरिंगवर आणि मागच्या अ‍ॅक्सलवरही हीच तरफ काम करते. इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो. चाक स्पेसरने बाहेर गेलं काय किंवा कमी ऑफसेटच्या डिस्कने गेलं काय, बेअरिंगला फरक पडत नाही. डिस्कचा फायदा इतकाच की मधे एक जोड कमी असतो, आणि सुटायला नटांचा दुसरा संच नसतो.

जिम्नीत तर हे आणखी जपायला हवं, कारण सलग पुढच्या अ‍ॅक्सलच्या या गाड्यांना ६० ते ८० च्या वेगात स्टिअरिंग थरथरण्याची खोड लागू शकते. किंगपिनची बेअरिंगं सैल झाली, आर्मचे बुश गेले किंवा चाकाचं बॅलन्सिंग बिघडलं की ती सुरू होते. लिफ्टमुळे पुढच्या अ‍ॅक्सलचा कॅस्टर कोन (वळण्याच्या त्या रेषेचा मागे झुकलेला कोन) कमी होतो आणि स्टिअरिंग सरळ यायला आळशी होतं. त्यावर जड टायर आणि बाहेर गेलेलं चाक आलं, की जी थरथर एरवी आलीच नसती ती येते. मग कुणीतरी जाड स्टिअरिंग डँपर विकतो, ज्याने थरथर झाकली जाते आणि कारण तसंच राहतं. तुमची लिफ्ट झाल्यावर कॅस्टर दुरुस्त करणारे बुश किंवा आर्म घातले का? घातले नसतील तर टायरच्या आधी तो खर्च करा.

याच जातीची दुसरी गोष्ट म्हणजे पॅनहार्ड रॉड. हा आडवा दांडा एका टोकाला अ‍ॅक्सलला आणि दुसऱ्या टोकाला चासीला असतो. गाडी उचलली की तो तिरका होतो आणि अ‍ॅक्सल काही मिलिमीटर एका बाजूला सरकतो. मग एका बाजूचा टायर जास्त बाहेर दिसतो, दुसऱ्या बाजूचा आत जातो आणि आतल्या बाजूने घासतो. मालकाला वाटतं टायर मोठा झाला, स्पेसर लावावा. खरं तर लांबी कमी-जास्त करता येणारा पॅनहार्ड रॉड लावून अ‍ॅक्सल मधोमध आणला की घासणं थांबतं. सरळ पट्टी धरून दोन्ही बाजूंनी मडगार्डच्या कडेपासून टायरपर्यंतचं अंतर मोजा, फरक लगेच कळेल.

इथवरचं थोडक्यात: लिफ्टने पोट वर गेलं, टायरने गोळा वर जातो, स्पेसरने फक्त आतली बाजू मोकळी होते. तिन्ही वेगळी कामं आहेत आणि एकाची अडचण दुसऱ्याने सुटत नाही.

मोजायचं कसं ते सांगतो, कारण हे काम कुठल्याही चांगल्या गॅरेजमध्ये अर्ध्या दिवसात होतं. विकत घेण्याआधी टायरवाल्याकडून एकच टायर पुढच्या चाकावर चढवून मागा. नेहमीचा टायरवाला असेल तर देतो. टायरवर लिहिलेला आकडा आणि खरी रुंदी यांत कंपनीगणिक फरक पडतो, त्यामुळे जो टायर घेणार तोच चढवा. पुढची एक स्प्रिंग काढा आणि त्या बाजूचा अ‍ॅक्सल जॅकने उचलून बंप स्टॉपला टेकवा. गाडी स्टँडवर पक्की बसवल्याशिवाय कुणालाही खाली जाऊ देऊ नका. मग स्टिअरिंग हळूहळू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. टायरला खडू फासून ठेवला तर जिथे लागेल तिथे खूण उमटते. बंपरच्या मागे आणि अस्तरावर ओल्या चिकणमातीचे गोळे चिकटवले तर किती जागा उरते तेही दबलेल्या मातीच्या जाडीवरून समजतं. दुसऱ्या बाजूला हेच करा. मागे स्टिअरिंग नाही, तरी तिरकं दाबून बघायला हवं. हे करताना ब्रेकची नळी आणि एबीएसची वायर ताणली जात नाही ना हेही बघून घ्या. अ‍ॅक्सल पूर्ण खाली लोंबकळत असताना त्यांची खरी परीक्षा असते.

माझ्या अनुभवात २१५/७५ आर १५ चा ऑल-टेरेन टायर मूळ डिस्कवर या मोजणीत बहुधा निर्धास्त पास होतो. फार तर पूर्ण लॉकला, म्हणजे स्टिअरिंग टोकापर्यंत वळवल्यावर, आतल्या आर्मला हलका स्पर्श होतो. तेवढ्यासाठी स्पेसर लावू नका. स्टिअरिंगचा थांबा ठरवणारा बोल्ट किंचित बाहेर काढून घ्या. वळण थोडं मोठं होईल, पण हे काम काही मिनिटांचं आहे आणि त्याला देखभाल लागत नाही.

स्पर्श जास्त असेल आणि स्पेसर लावायचाच ठरला, तर जाडी गरजेपुरतीच. इथे दोन प्रकार येतात. पहिली नुसती चकती, जी मूळ स्टडवर सरकवून वरून चाक बसवायचं. यात स्टडची लांबी खर्च होते. जिम्नीचा स्टड एम १२, आट्यांतलं अंतर १.२५ मिलिमीटर. नटाने स्टडच्या व्यासाइतकी तरी पकड घ्यायला हवी, म्हणजे १२ मिलिमीटर. नट हाताने फिरवून बघा: पूर्ण बसेपर्यंत साडेनऊ-दहा वेढे तरी झाले पाहिजेत. कमी होत असतील तर लांब स्टड घाला, नाहीतर चकती काढा. यात मधला मार्ग नाही. दुसरा प्रकार स्वतःचे स्टड असलेल्या जाड स्पेसरचा, जो हबला वेगळ्या नटांनी आवळायचा आणि चाक त्याच्या स्टडवर. तुमच्याकडचे ३० चे याच प्रकारचे असणार. पातळ घेतला तर मूळ स्टडची टोकं त्याच्या बाहेर डोकावतात आणि डिस्क सपाट बसत नाही. त्यामुळे हा प्रकार फार पातळ चालत नाही.

माप फक्त ५ × १३९.७ (पाच स्टड, १३९.७ मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर) जुळून भागत नाही. जिम्नीच्या हबसाठी मधलं छिद्र १०८ मिलिमीटर लागतं आणि स्पेसरचा गोल हबवर फट न राहता बसायला हवा. फट राहिली तर चाक मधोमध आहे की नाही हे फक्त नट ठरवतात, आणि हायवेवर ते स्टिअरिंगमध्ये जाणवतं. आमच्याकडे उत्तम टर्नर आहेत, लेथवर छिद्र अचूक काढून देतात. प्रश्न मालाचा असतो. ओतीव अ‍ॅल्युमिनिअम आणि घडीव ६०६१-टी६ (अ‍ॅल्युमिनिअमचा मजबूत मिश्रधातू) दिसायला सारखंच, पण ओतीवाला तडा जाऊ शकतो. माल कुठला हे लेखी मिळत नसेल तर तो स्पेसर चाकाखाली घालू नये.

बसवताना सगळ्यांत दुर्लक्षित काम म्हणजे सफाई. चाक स्टडवर टांगलेलं नसतं. नटांच्या दाबाने दोन सपाट पृष्ठभाग एकमेकांना घट्ट धरतात आणि त्या घर्षणावर चाक उभं असतं. मधे गंज, रंगाचा थर किंवा माती राहिली, तर चार दिवसांत ती दबते आणि नट आपोआप सैल होतो. म्हणून हबचा पृष्ठभाग तारेच्या ब्रशने चकचकीत करा, ग्रीस लावू नका. नट आडव्या-तिडव्या क्रमाने, टॉर्क पान्याने, गाडीच्या पुस्तकात दिलेल्या मापाला आवळा. पाइप लावून अंगाच्या जोराने नाही आणि हवेच्या बंदुकीने तर अजिबात नाही. ५० ते १०० किलोमीटरनंतर पुन्हा तपासा. आणि हे तपासताना चाक काढावंच लागतं, कारण स्पेसरला हबशी धरणारे नट डिस्कच्या मागे लपलेले असतात. पंक्चरवाला बाहेरचे नट आवळून देईल, आतल्यांचा त्याला पत्ताही नसेल. दर सर्व्हिसला चारही चाकं काढून आतले नट बघण्याची तुमची तयारी नसेल, तर स्पेसर तुमच्यासाठी नाहीत.

कायद्याचंही बोलायला हवं. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतल्या तपशिलांशी आणि कंपनीच्या मूळ मापांशी न जुळणारे बदल करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते आणखी स्पष्ट केलं. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२ अ नुसार मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. मडगार्डच्या बाहेर आलेली चाकं लांबूनच दिसतात, आणि ती मागच्या दुचाकीवाल्यावर चिखल आणि खडे उडवतात, ते वेगळंच. अपघात झाला तर विमा कंपनीचा सर्व्हेअर आधी चाकांकडे बघतो. लिफ्ट करून झाली आहे, तिच्याबद्दल विमा कंपनीशी लेखी बोलून घ्या.

तेव्हा तुमच्या जागी मी काय करीन? २१५/७५ आर १५, ऑल-टेरेन, मूळ डिस्कवर, स्पेसरशिवाय. भारांक ९६ पेक्षा कमी नको. ९६ म्हणजे एका टायरला ७१० किलो, १०० म्हणजे ८००. फार जाड, ट्रकच्या ताकदीचा टायरही नको. जिम्नी १,२०० किलोच्या आसपासची गाडी आहे, तिच्या वजनाखाली तसला टायर वाकतच नाही आणि दगडावर उसळतो. टायर पाच घ्या, चार नाही. स्टेपनी वेगळ्या उंचीची राहिली आणि ती एका बाजूला लावून तुम्ही फोर-व्हील टाकलं, तर पुढचा आणि मागचा अ‍ॅक्सल वेगवेगळ्या गतीने फिरायला बघतात आणि ताण ट्रान्सफर केसवर (पुढे-मागे ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीवर) जातो. या मापाचे टायर बोलेरोमुळे गावोगावी मिळतात. पाटणला टायर फाटला तर कराडपर्यंत टोचन करून न्यायची वेळ येऊ नये, यालाही महत्त्व आहे.

उरलेल्या पैशातून कॅस्टरचे बुश, पुढचा पॅनहार्ड रॉड आणि हवेचा पंप. एक पावसाळा असा काढा. त्यानंतरही गोळा वारंवार दगडाला लागत असेल, तर २३५ चा विचार ६ इंची डिस्क, खाली आणलेले बंप स्टॉप आणि कापलेला बंपर असा एकत्र करा. त्यातलं एकच उचलून चालत नाही.

आणलेले ३० चे स्पेसर न वापरता परत होत असतील तर या आठवड्यातच परत करा. परत घेत नसतील तर मला चार गोष्टी मोजून कळवा: मधल्या छिद्राचा व्यास, मालावर कोरलेला ग्रेड, २१५ चा टायर चढवून पूर्ण लॉकला आतल्या आर्मपाशी उरलेली जागा, आणि त्याच वेळी बंपरपाशी उरलेली जागा. हे आकडे समोर असले तर ते लावावेत की कपाटात ठेवावेत, हे नक्की सांगता येईल.